कपाटातली कोरी डिस्क

माझ्या बायकोचं मत असं की मी पोलिसात जायला हवं होतं. दुधाच्या पिशवीचा कोपरा जरा चुरगळलेला दिसला तरी मी दूधवाल्याकडे टक लावून बघतो, आणि लांबच्या नातेवाइकाचा फोन आला की खुशाली विचारायच्या आधी 'याचं काय काम असेल' हे माझ्या मनात येतं. ही खोड जन्मजात नाही, धंद्याने लावलेली आहे. मी आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त केले. या धंद्यात मशीन बंद पडलं की गिऱ्हाईक सांगतं, "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं." आपोआप काहीही होत नसतं, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो.

माझं खास काम म्हणजे हरवलेली पार्टिशनं शोधणं. हे काय असतं ते आधी सांगतो. कॉम्प्युटरची सगळी माहिती डिस्कवर असते. डिस्क म्हणजे एक मोठं शेत समजा. सोयीसाठी आपण त्याचे दोन-चार तुकडे पाडतो, ती पार्टिशनं. कुठला तुकडा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, याचा एक छोटा तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. मशीन शेतात जाऊन बघत नाही, ते फक्त हा तक्ता वाचतं. तक्ता पुसला गेला की ते बेधडक सांगतं, इथे शेतच नाही. प्रत्यक्षात शेत जागेवर असतं, पीकही उभं असतं. आम्ही डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळत जायचं, खुणांवरून जुने बांध ओळखायचे आणि तक्ता पुन्हा लिहायचा. एक आकडा चुकला तर उभ्या पिकात नांगर. म्हणून मी या कामाला बसलो की कुणाला खोलीत येऊ देत नसे.

हे शिक्षण मला पुण्यातल्या एका कंपनीच्या मेनफ्रेमवर मिळालं. मेनफ्रेम म्हणजे खोलीभर पसरलेलं मोठं मशीन. त्याच्या पोटात अनेक वेगवेगळी मशीनं आहेत असा आभास निर्माण करण्याची सोय होती. प्रत्येक विभागाला वाटायचं, आपल्याला स्वतंत्र मशीन आणि स्वतंत्र डिस्क आहे. खरं तर एकाच डिस्कच्या पट्ट्या सगळ्यांना वाटून दिलेल्या असत. एकदा वाटून देणाऱ्याने एका पट्टीचा काही भाग चुकून दोघांनाही दिला. दोन्ही विभाग आपापल्या जागेत इमानाने लिहीत होते आणि एकमेकांचं लिहिलेलं पुसत होते. आठवडाभर ते एकमेकांवर नाही नाही ते आळ घेत बसले. तेव्हा माझे वरिष्ठ म्हणाले, "मशीनला जे दाखवलंय तेच ते बघणार. आपण दाखवणाऱ्याकडे बघायचं." हे वाक्य मी गाठीला बांधलं आणि पुढे गरजेपेक्षा जास्त पाळलं.

नव्वद सालानंतर वडिलांच्या आजारपणामुळे मी साताऱ्याला परत आलो आणि स्वतंत्र काम सुरू केलं. उत्तरेला शिरवळ, दक्षिणेला जत, एवढा माझा मुलूख. वाहन म्हणजे एसटी, आणि पिशवीत पेचकस, केबली, फ्लॉप्यांचा डबा नि दशम्या. गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. कोयनानगरला एका कंत्राटदाराची कचेरी होती. तिथले कारकून कुठल्याही बिघाडाला एकच कारण सांगत, "भूकंपाचा धक्का बसला." पार्टिशन गेलं तेव्हाही तेच. मी घाट चढून गेलो, डिस्क तपासली, तर कुणीतरी तिच्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ चढवण्यासाठी सगळा तक्ता नव्याने लिहिला होता. खेळाची तारीखही सापडली. मी बाहेर चहाच्या टपरीवर चौकशी केली. त्या दिवशी काय, त्या आठवड्यात धक्का बसलाच नव्हता. मी कचेरीत येऊन एवढंच म्हणालो की धक्का फक्त या टेबलाला बसलेला दिसतो. तिघेही छताकडे बघू लागले.

असे दोन-चार शोध लागले की माणूस शेफारतो. मीही शेफारलो. आपण मशीन नव्हे तर माणूस ओळखतो, असं मला वाटू लागलं होतं. त्याच सुमाराची ही कारखान्याची गोष्ट आहे.

सांगली जिल्ह्यातला एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. शतक संपत आलं होतं आणि लिनक्स नावाची प्रणाली नुकतीच आमच्या भागात पोचली होती. ती फुकट मिळायची. कारखान्याच्या चेअरमनना हीच मोठी अडचण वाटली. "फुकट हाय म्हंजी काय तरी गडबड हाय," असं ते मला दोनदा म्हणाले. तिसऱ्या भेटीत तयार झाले. मी एक चांगलं मशीन बसवलं. प्रणालीची डिस्क आत पक्की बसवलेली. माहितीची डिस्क मात्र पुढून ओढून काढता येईल अशा ट्रेमध्ये. तिच्याच जोडीची, त्याच कंपनीची, तेवढ्याच आकाराची एक कोरी डिस्क तशाच ट्रेमध्ये घालून कपाटात ठेवली. "ही बिघडली तर ती ढकला, मला बोलवा, मी टेपवरून सगळं पुन्हा चढवतो," असं मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगितलं. दोन्ही ट्रेंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या. शेवटची एसटी गाठायची होती, आणि ट्रे कोण कशाला बाहेर काढतंय, असा मी विचार केला.

या मशीनवर ऊसनोंद होती. ज्यांना साखर कारखाना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी उसाची लागण करतो आणि तिची तारीख कारखान्यात नोंदवतो. त्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. ज्याची लागण आधी, त्याच्या रानात ऊसतोडणीची टोळी आधी. नंबर मागे गेला तर उसाला तुरे येतात, वजन घटतं, पुढचं पीक लांबतं. त्यामुळे या तारखांपायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात. पूर्वी वह्या होत्या आणि वहीतली तारीख बदलते, अशी कुजबुज प्रत्येक हंगामात असायची. मशीन आणलं ते याच कारणाने.

ते सांभाळायला निकम हवालदार होते. खटाव तालुक्यातलं गाव, लष्करात सिग्नलमध्ये नोकरी, निवृत्तीनंतर धाकट्या भावासाठी आपल्या सासुरवाडीच्या गावी जमीन घेतली म्हणून इकडे आलेले. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, बोलणं मोजकं. मी महिनाभर शिकवलं आणि त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. तो भाऊ याच कारखान्याला ऊस घालायचा, आणि त्याची लागण त्या वर्षी उशिराची होती. ही गोष्ट पुढे सगळ्यांना आठवली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला की मशीन ऊसनोंद दाखवत नाही. मी पहिल्या गाडीने गेलो. मशीन म्हणत होतं की माहितीच्या डिस्कवर एकही पार्टिशन नाही. मला आनंदच झाला, कारण हे माझं हक्काचं काम. दार लावून घेतलं आणि बांधांच्या खुणा शोधायला बसलो. दोन तास झाले, खूण नाही. दुपार झाली, एक अक्षर नाही. तक्ता पुसला गेला तरी मागे पीक राहतं, इथे तर नुसतं पांढरं रान होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी शून्यं.

वीज गेली, डिस्क पडली, उंदराने केबल खाल्ली, तरी डिस्क इतकी स्वच्छ होत नाही. अपघात कचरा मागे ठेवतो. इतकं नीट कुणीतरी बसून पुसावं लागतं, आणि ते कसं पुसायचं हे माहीत असावं लागतं. कारखान्यात ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते मीच शिकवलं होतं.

शेवटची टेप गणपतीच्या आधीची निघाली. टेपचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला पडून होतं. त्यानंतर शेतांची पाहणी होऊन तारखांच्या सगळ्या दुरुस्त्या मशीनवर चढल्या होत्या. त्या आता नव्हत्या. कारखान्याच्या गावोगावच्या गट ऑफिसांत कागद होते, पण मशीन गेल्याची बातमी पसरल्यावर कागद बदलायला किती वेळ लागतो? शेती अधिकारी डोकं धरून बसले होते. गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू करायला तीन आठवडे उरले होते आणि फाटकाबाहेर शेतकरी जमू लागले होते.

मी चौकशी सुरू केली. मला ते काम आवडायचं, हे कबूल करतो. खोली झाडणाऱ्या सुमनमावशींना विचारलं, हेडक्लार्कना विचारलं, वॉचमनला विचारलं, मशिनीला कुणी काही केलं का. सगळे म्हणाले, "न्हाई बा." हवालदारांना मी विचारलं नाही. त्यांच्यावर नुसती नजर ठेवली. संशयिताला आधी सावध करायचं नाही, असं माझं शास्त्र होतं. ते दिवसभर खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून ताठ बसून होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या दृष्टीने हाही पुरावाच होता.

कार्यकारी संचालक, म्हणजे एम.डी., पुण्याच्या बैठकीला निघाले होते. ते गाडीत बसता बसता म्हणाले, जे वाटतं ते लेखी द्या. मी कारखान्याच्या कागदावर लिहून दिलं की डिस्क जाणूनबुजून पुसण्यात आली असून ते माहितगार व्यक्तीचं काम आहे. नाव लिहिलं नाही. गरजच नव्हती. आवक विभागाने शिक्का मारला, क्रमांक टाकला, आणि चहाच्या वेळेपर्यंत अख्ख्या कारखान्याला पाठ झालं. फाटकावर कुणीतरी हवालदारांच्या भावाच्या नावाने ओरडलं, ते मला खोलीत ऐकू आलं.

पुढचं काम सरळ होतं. पुसलेली डिस्क पुरावा म्हणून तशीच ठेवायची, कपाटातली कोरी डिस्क घ्यायची, तिच्यावर पार्टिशनं पाडायची, जुनी टेप चढवायची आणि निदान गणपतीआधीपर्यंतची नोंद उभी करायची. माझं स्वतःचं टेपचं यंत्र मी साताऱ्याहून आणलंच होतं. हवालदारांकडे कपाटाची किल्ली मागितली.

ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कपाट माझ्या चार्जमधी हाय. एम.डी. साहेबांचा लेखी हुकूम आणा."

मी म्हटलं, साहेब पुण्याला आहेत, उद्या येतील, एक दिवस फुकट जाईल.

"जाऊ द्या. माझ्या माघारी हितं कुनाचा तरी हात लागलाय. कोन ते कळंपातुर मी एक वस्तू हालू देनार न्हाई."

शेती अधिकारी त्यांच्यावर खेकसले, हेडक्लार्कनी समजावलं. किल्ली त्यांच्या खिशाला आतून सेफ्टी पिनने अडकवलेली होती, तिला त्यांनी हातही लावला नाही. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. काम सुधारू नये असं ज्याला वाटतं तोच अडवतो. ती रात्र मी कारखान्याच्या गेस्टहाउसवर काढली आणि मला उत्तम झोप लागली.

सकाळी हुकमाची वाट बघत मशीनसमोर बसलो होतो. हाताला चाळा म्हणून ट्रेच्या कडेवरून बोट फिरवलं, तर फटीत काहीतरी रुतलेलं. नखाने काढलं, तर तांदळाचा दाणा निघाला, कुंकवात भिजवलेला. यात नवल नव्हतं. खंडेनवमीला आमच्याकडे नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मशीनच्या कपाळावर कुंकवाचं बोट मी आल्या आल्याच पाहिलं होतं. पण दाणा फटीच्या आत होता. मी मशीन बंद केलं आणि ट्रे ओढून बाहेर काढला. ट्रेच्या आतल्या बाजूला, डिस्कच्या अगदी अंगावर, हळदीकुंकवाची दोन बोटं उमटलेली होती.

ट्रे आत असताना तिथे बोट पोचत नाही.

सुमनमावशी चहा घेऊन आल्या तेव्हा मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, खंडेनवमीला पूजा कशी केली.

त्यांनी हौसेने सांगितलं. हेडक्लार्कसाहेबांनी खोली उघडून दिली. सगळं झाडून घेतलं. मशीन मोठं, पाटावर मावेना, म्हणून त्याची पेटी, म्हणजे ट्रे, तेवढी ओढून काढली. हवालदार महिन्यातून एकदा धूळ पुसायला काढतात, ते बघितलेलं होतं. कपाटातली पेटीही काढली. दोन्ही पाटावर मांडल्या, हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, नारळ. दसऱ्यादिवशी विश्रांती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या जागच्या जागी.

"कपाटातली कशाला काढली?" मी विचारलं.

"वरसाचा सन. तिला एकलीलाच कशाला वगळायची?"

"आणि परत ठेवताना कुठली कुठे ठेवली?"

"आवं, दोनी सारख्याच की."

मी म्हटलं, काल मी तुम्हाला विचारलं होतं, मशिनीला कुणी काही केलं का.

"तुमी इचारलं कुनी काय केलं. आमी तर पूजा केली. पूजेनं काय बिघडतंय व्हय?"

मी काल दिवसभर एका कोऱ्या डिस्कवर शून्यं मोजत बसलो होतो. ती पुसलेली नव्हती. तिच्यावर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं. ऊसनोंद कपाटात होती, सगळीच्या सगळी. आणि हवालदारांनी किल्ली दिली असती, तर मी काल दुपारीच तिच्यावर नवे बांध घालून जुनी टेप ओतली असती. कोरी डिस्क कोरी आहे का, हे कोण बघतं? ज्या कामासाठी मला बोलावलं, ते काम माझ्याच हातून कायमचं बुडालं असतं. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला, तर मावशी विचारत होत्या, चहात साखर कमी झाली का.

हेडक्लार्कना हे सगळं ठाऊक होतं. ते गप्प का बसले, मावशींसारखेच भाबडेपणाने की आपल्यावर येईल म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुपारी संचालक आले. हुकमाचा कागद घेऊन मी स्वतः हवालदारांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला, कपाट उघडलं. मी ट्रे काढला, मशीनमध्ये ढकलला आणि मशीन चालू केलं. तिन्ही पार्टिशनं जागेवर, आणि ऊसनोंद शेवटच्या दुरुस्तीपर्यंत जशीच्या तशी. शेती अधिकाऱ्यांनी मला मिठी मारली. फाटकावर निरोप गेला आणि गर्दी हळूहळू पांगली.

मी खोलीत परत आलो. हवालदार वहीत काहीतरी लिहीत होते. मी म्हणालो, माझी चूक झाली, मला माफ करा. त्यांनी पेनला टोपण लावलं.

"साहेब, तुमी समद्यांना इचारलं. मावशीला, वॉचमनला. मला न्हाई इचारलं."

एवढंच बोलले. विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं असतं की नवमीच्या आदल्या दिवसापासून ते गावी होते आणि सगळ्या किल्ल्या हेडक्लार्कच्या हातात देऊन गेले होते. तेवढ्यावर मी दहा मिनिटांत पूजेपर्यंत पोचलो असतो. दाखवणाऱ्याकडे बघायचं, हे मी शिकलो होतो. त्याच्याशी बोलायचं मात्र शिकलो नव्हतो.

मी आवक विभागात जाऊन माझं पत्र परत मागितलं. कारकून म्हणाला, क्रमांक पडलेला कागद परत जात नाही. मग दुसरं पत्र लिहिलं, त्यात स्वतःला चुकीचं ठरवलं आणि हवालदारांनी किल्ली अडवून ठेवल्यामुळेच ऊसनोंद वाचली, असं स्पष्ट लिहिलं. त्यालाही क्रमांक पडला. पहिलं पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. दुसरं, माझ्या माहितीप्रमाणे, कुणीही वाचलं नाही.

महिनाअखेर हवालदारांनी राजीनामा दिला. संचालकांनी थांबवून पाहिलं. ते म्हणाले, हंगाम सुरू करून देतो आणि जातो. तसंच केलं. भावाच्या उसाला तोड त्याच्या नंबराप्रमाणे उशिराच आली.

पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास मी त्या मशीनची तपासणी करायला गेलो. नवा ऑपरेटर आला होता. मशीन बघितलं, कपाट उघडलं, तर दोन्ही ट्रेंवर पांढऱ्या चिकटपट्टीवर ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या होत्या. मी बसवताना ज्या चिकटवायला हव्या होत्या, त्याच. जाण्याच्या दिवशी हवालदारांनी लावल्या, असं मावशी म्हणाल्या. मशीनमधल्या ट्रेवर 'ऊसनोंद' आणि डिस्कचा क्रमांक. कपाटातल्या ट्रेवर 'कोरी' आणि तिचा क्रमांक. आणि कपाटाच्या दाराला आतून आणखी एक पट्टी होती. ती माझ्यासाठी होती की सगळ्यांसाठी, हे मी मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, त्यांना वाचता येत नाही.

तिच्यावर लिहिलं होतं: 'संशय आल्यास आधी विचारावे.' खाली सही आणि तारीख.